पिनांभोवतीचा गंज

लोक मला भिंगताई म्हणतात. तोंडावर ताई, पाठीमागे नुसतं भिंग. जुन्या कॉमिक्सचे फोटो माझ्याकडे येतात आणि ते बघून मी सांगते, अंक खरा की खोटा, आणि खरा असला तर दहापैकी किती गुणांचा. अंक हातात घेत नाही. विकणारा एका गावात असतो, घेणारा दुसऱ्या, आणि मी तिसऱ्याच गावात जेवणाच्या टेबलापाशी मोठ्या पडद्यासमोर बसलेली असते. नवरा म्हणतो, "नाडी न बघता औषध देणारी वैदीण." म्हणू दे. त्याला स्वतःचा चष्मा डोक्यावर असताना सापडत नाही.

फोटो कसे काढायचे ते मी आधीच कळवते. कव्हर समोरून, मग मागून. चारही कोपरे जवळून. घडीची बाजू तिरप्या उजेडात. मधली पानं उघडून, जिथे दोन्ही पिना दिसतात तिथे. आणि एखाद्या पानामागे उजेड धरून, म्हणजे कागदाच्या पोटातलं दिसतं. लोक या सगळ्यासोबत टेबलावरचा कप, मांजर, स्वतःचा अंगठा असं काय काय पाठवतात. ते मी पहिल्या झटक्याला कापून टाकते. मला अंक बघायचा असतो, त्यांचा संसार नाही.

बाकीचे तपासणारे 'खोटा' एवढं लिहून मोकळे होतात. मला ते कधी जमलं नाही. कारण न सांगता नकार देणं म्हणजे माणसाला दारातून हाकलून देणं. म्हणून मी निकालाखाली कारणं लिहायचे, अगदी सविस्तर, शाळेतल्या बाई वहीवर लाल शेरे मारतात तशी. आणि खरं सांगायचं तर मला ती लिहायला आवडायची. कुणीतरी महिनोन्‌महिने खपून केलेली लबाडी आपण चहा निवायच्या आत उघडी पाडायची, यातली मजा काही और असते. माझी कारणं लोक एकमेकांना पाठवायचे, जपून ठेवायचे. मी फुशारून जायचे.

'लोखंडी पाहुणा'चा पहिला अंक फोटोंतून पहिल्यांदा आला तेव्हाही मी अशीच खुशीत होते. हे नाव आमच्या धंद्यात हळू आवाजात घेतात. छापखाना लगेच बुडाला, गठ्ठे रद्दीत गेले, आणि उरलेले अंक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कव्हरवर पिवळं दार, दारासमोर पाठमोरा माणूस, डोक्यावर लोखंडी टोप, आणि दार ठोठावायला उचललेली मूठ. पाठवणाऱ्याने लिहिलं होतं, वडिलांच्या पेटीत सापडला. पेटीतच सापडतात सगळे. हा अंक मात्र मला पिनांपाशीच सापडला. पिना चकचकीत, जणू सकाळीच मारलेल्या. मी लिहिलं, 'एवढ्या जुन्या अंकाच्या पिना गंजलेल्या हव्यात.' निकाल खोटा.

काही आठवड्यांनी दुसरा आला. पाठवणारा दुसरा, गाव दुसरं, पेटी मात्र वडिलांचीच. या अंकाच्या पिना छान गंजलेल्या होत्या. मी हसले. पिना जुन्या, पण त्यांच्याभोवतीचा कागद स्वच्छ. गंज काही पिनेपुरता राहत नाही, तो वर्षानुवर्षं कागदात उतरत जातो आणि पिनेभोवती तपकिरी सावली पडते. तसं लिहून टाकलं. शिवाय, कागद सगळीकडे सारखाच पिवळा आहे, खरा कागद कडेकडून पिवळा होत आत जातो, तेही लिहिलं.

तिसऱ्यात सावली होती. कागद कडेला गडद, आत फिका. मी तेव्हाही शहाणी झाले नाही. छपाईच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. त्या काळी लाल रंगाचा साचा जरा सरकलेला असायचा, त्यामुळे टोपाच्या कडेला लाल किनार दिसते. या अंकात सगळे रंग शहाण्या मुलांसारखे रेषेच्या आत बसले होते. आणि समोरासमोरच्या पानांची शाई एकमेकांवर पुसट उमटते, ती उमटलेली नव्हती.

चौथा आला तेव्हा टोपाला लाल किनार होती.

मी खुर्चीत मागे टेकले. पाठवणारे वेगळे, गावं वेगळी, पण करणारा हात एकच होता, आणि तो माझ्या वहीतून अभ्यास करत होता. मी एकेक कारण लिहायचे आणि तो एकेक चूक खोडायचा. मी त्याला मनातल्या मनात शिष्य म्हणायला लागले. एवढा मन लावून शिकणारा विद्यार्थी एखाद्या बाईला जन्मात मिळत नाही.

त्याच सुमारास बाजारात जखमी अंक दिसायला लागले होते. फार मोलाचे नाहीत, त्याच काळातले साधे अंक, कुणाच्या पिना उपसलेल्या, कुणाचं मागचं कोरं पान कापून नेलेलं, कुणाच्या कडांची पट्टी सोललेली. मी त्यांना मुकाट्याने दोनदोन गुण देत होते आणि मनात म्हणत होते की लोक किती निष्काळजी असतात. आता उमगलं. जुनी पिन हवी, असं मी लिहिलं की कुठेतरी एका खऱ्या अंकाची पिन उपसली जायची. जुना कागद हवा, लिहिलं की पान जायचं. माझ्या एकेका शेऱ्यापायी कुठेतरी एखादं पुस्तक सोललं जात होतं. त्या दिवसापासून मी कारणं लिहिणं बंद केलं. चौथ्या अंकावर नुसतं लिहिलं, 'खोटा.' पोलिसांत जाऊन सांगणार काय? की कुणीतरी पिना बदलतंय हो?

दुसऱ्या दिवशी निरोप आला. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. 'ताई, या वेळी कारणं नाहीत? तब्येत बरी आहे ना? तुमच्याकडून फार शिकायला मिळतं.' मी तो निरोप नवऱ्याला दाखवला. त्याने वाचला, आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. उठून दाराची कडी मात्र लावून आला.

आता माझ्या दादाबद्दल सांगायला हवं. दादाचं याच गावात जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. बाहेर विकायची पुस्तकं, आणि मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट, त्यातलं काहीही विकायचं नाही. पहिल्या कमाईपासून जमवलेले अंक. गिऱ्हाइकाने नुसतं त्या कपाटाकडे बघितलं तरी दादा मध्ये उभा राहायचा. आमची वहिनी असताना म्हणायची, "मी आजारी पडले तर मला एक गोळी देतील, कपाटात वाळवी दिसली तर घर डोक्यावर घेतील." त्या कपाटात सगळं होतं, फक्त 'लोखंडी पाहुणा' नव्हता. लहानपणी त्याने तो शेजारच्या मुलाकडे पाहिला होता, आणि तेव्हापासून तो त्याच्या डोक्यातून गेलेला नाही.

गेल्या वर्षापासून दादाच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. नजर कडेकडून विझत आत येते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची." दादा रस्त्याने चालताना माणसांना धडकतो आणि वर त्यांनाच विचारतो, "बघून चालता येत नाही?" समोरचं, मधलं, अजून दिसतं त्याला. पुस्तक नाकाशी धरलं तर वाचता येतं. किती दिवस, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही.

अशात एका सकाळी दादाचा फोन आला. आवाज पोरासारखा.

"चिमणे, मिळाला!"

मी पन्नाशी ओलांडली तरी त्याच्यासाठी चिमणीच. "काय मिळालं?"

"पाहुणा! अगं, एक बाई आहे, लांबच्या गावची. वडील अंथरुणाला खिळलेत, घर आवरताना त्यांच्या पेटीत निघाला. तिला पैशांत रस नाही. म्हणाली, वडिलांचा वेळ जाईल असं काहीतरी भरपूर द्या, त्यांना जुने अंक वाचून दाखवते मी. मी म्हटलं, सगळं कपाट देतो."

"सगळं कपाट?"

"डोळे चाललेत, चिमणे. कपाट ठेवून करू काय, चाचपत बसू? तो एक बघायचाय मला. दिसतंय तोवर. फोटो पाठवलेत तुझ्याकडे. तू नुसतं हो म्हण."

पेटी म्हटल्यावरच मी सावध झाले होते. फोटो उघडले. सवयीने कडा कापल्या, अंक तेवढा ठेवला, आणि बघायला लागले.

पिना गंजलेल्या. पिनांभोवती तपकिरी सावली, अगदी हवी तशी. कागद कडेला गडद, आत फिका. टोपाला लाल किनार. समोरच्या पानावर शाईची पुसट छाप. वरच्या कोपऱ्याला एक जुनी मोड, तीही खऱ्यासारखी. आणि पानामागून उजेड दिलेला फोटो असा सफाईदार, की उजेड सगळीकडे सारखा, कुठे डाग नाही, कुठे सावली नाही. घरातल्या दिव्यावर असा फोटो निघत नाही. त्यासाठी उजेडाचं टेबल लागतं, ज्यावर कागदाला कागद जोडणारी माणसं काम करतात.

मी दिवसभर त्या पडद्यासमोर होते. एकही चूक सापडली नाही. त्याचीच मला भीती वाटली. मी आजवर लिहिलेल्या प्रत्येक शेऱ्याचं उत्तर त्या अंकात होतं, एकही सुटलेलं नव्हतं. दादा माझा भाऊ आहे हे धंद्यात कुणाला माहीत नाही? माझ्यापर्यंत पोचायचा सगळ्यात जवळचा रस्ता त्याच्या दुकानातून जातो. मला वाटलं, शिष्य आला, आणि तो माझ्या आंधळ्या होत चाललेल्या भावाचा हात धरून आला.

तरी एक परीक्षा घेतली. त्या बाईला कळवलं, शेवटच्या पानाचा, पिनेपासून बोटभर अंतरावरचा, मागून उजेड दिलेला फोटो हवा. साध्या माणसाला हे दोनदा समजावून सांगावं लागतं. तिचा फोटो तासाभरात आला, जसा हवा तसा, आणि सोबत निरोप, 'अजून कुठला कोन हवा असेल तर सांगा.' कोन! मी तिथेच निकाल दिला.

संध्याकाळी दुकानात गेले. दादाने कपाट उघडून ठेवलं होतं. खाली खोकी, खोक्यांत अंक, प्रत्येकाला वेगळी पिशवी. बोलता बोलता तो त्यांना थोपटत होता.

"खोटा आहे, दादा."

त्याने मान माझ्याकडे वळवली. हल्ली तो पूर्ण मान वळवतो, कारण कडेने दिसत नाही. "कशावरून?"

"कारण नाही सांगत."

"तू? तू कारण सांगत नाहीस?"

"सांगण्यासारखं सापडत नाही. म्हणूनच खोटा आहे. इतका बिनचूक अंक खरा नसतो."

"अगं, हा कुठला न्याय? चूक असली तर खोटा, नसली तरी खोटा?" तो उठला. "दुधाने तोंड पोळलंय तुझं, म्हणून ताकही फुंकून पितेयस. मी जाऊन बघतो त्या बाईकडे."

"काय बघणार तू? आणि कशाने?"

हे बोलायला नको होतं. पण माझ्या जिभेला लगाम नाही, आणि मी घाबरलेली होते. दादा परत खाली बसला. मग एकेक खोकं उचलून कपाटात ठेवायला लागला. एक फळीऐवजी हवेत ठेवलं. मी झेललं.

"तुझा शब्द," तो म्हणाला. "तुझ्या शब्दावर लोकं लाखाचे व्यवहार सोडतात. मी भाऊ असून नाही सोडणार?"

त्याने त्या बाईला नकार कळवला. तिने कारण विचारलं. मी द्यायचं नाही म्हटलं, त्याने दिलं नाही.

पावणेदोन महिने गेले असतील नसतील, तोच तिचा मला थेट निरोप आला. रागावलेली नव्हती. ते जास्त वाईट.

'ताई, बाबा गेले. अंकाचंही मिटलं, म्हणून हे तक्रारीसाठी लिहीत नाही. तुम्ही खोटा म्हणालात, मी जमवणाऱ्यांच्या गटात विचारलं, की का खोटा? कुणी बोललं नाही. एक गृहस्थ मात्र घरी आले. फार सभ्य माणूस. म्हणाले, भिंगताईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, पण कागद जुना आहे, मला दुरुस्तीच्या कामी येईल. त्यांनी माझ्यासमोरच पिना काढून पानं वेगवेगळी केली आणि नेली. बाबांना कळू दिलं नाही. आज बाबांचे लहानपणचे फोटो चाळताना हा सापडला. त्यांच्या हातात काय आहे ते तुम्हीच सांगा, मला समजत नाही.'

खाली एक फोटो होता. काळापांढरा, दातेरी कडांचा. पलंगावर सात-आठ वर्षांचा मुलगा, पायाला प्लास्टर, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला अंक. दार, पाठमोरा माणूस, टोप, मूठ. मी तो फोटो जितका मोठा होईल तितका केला. अंकाच्या वरच्या कोपऱ्याला मोड होती. तिने पाठवलेला कव्हरचा फोटो शेजारी ठेवला. तीच मोड, त्याच कोनात, तिथेच दुभंगलेली. मोडीची नक्कल कुणी करू शकेल, पण अंक नवा असताना काढलेल्या फोटोतल्या मोडीची नाही. हा फोटो त्या घराबाहेर कधी गेलाच नव्हता.

अंक खरा होता.

मग मी तिचे सगळे फोटो पुन्हा उघडले, कडा न कापता. मागून उजेड दिलेल्या फोटोच्या कडेला, मी झटक्यात उडवलेल्या भागात, धातूचा एक चिमटा दिसत होता, आणि शेजारी लटकलेली एक काळी फिल्म, त्यावर कुणाच्या तरी बरगड्या. ती बाई एक्स-रे काढणारी होती. दवाखान्यात ज्या चौकोनी दिव्यावर हाडं बघतात, त्यावर तिने पान ठेवलं होतं. कोनांची भाषा तिला येणारच. तिच्या गावी जायचं सोडा, एक साधा प्रश्न मी विचारला नव्हता, की बाई, तुम्ही करता काय?

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. पण इथे आग मी लावली होती. शिष्याला खऱ्यासारखं करायला मीच शिकवलं, आणि मग खरं समोर आलं तेव्हा मला ते शिष्याचं वाटलं. आणि खऱ्याची पानं आता त्याच्याकडे होती. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. नवऱ्याने पडदा बंद केला.

दादाला सांगायला माझे पाय वळत नव्हते. आज सांगते, उद्या सांगते असं करत राहिले. शेवटी त्याचाच फोन आला.

"दुकानात ये. पाहुणा आलाय."

मी धावत गेले. भर दुपार होती, दुकानात उजेड होता. दादा खिडकीपाशी बसलेला, मांडीवर अंक, नाक पानाला टेकलेलं. आणि समोरच्या स्टुलावर एक माणूस. मी काय कल्पना केली होती कोण जाणे. साधा, सडपातळ, स्वच्छ सदरा, नखं नीट कापलेली, फक्त उजव्या अंगठ्याचं नख जरा वाढवलेलं. मला बघून उठला आणि मनापासून नमस्कार केला.

"ताई! किती दिवसांची इच्छा होती. मी आज जो काही आहे तो तुमच्यामुळे."

त्याने तोंडावर हसू आणलं नव्हतं, खरोखर हसत होता. मी त्याच्याकडे न बघता दादाच्या हातातून अंक घेतला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच तो अंक माझ्या हातात आला.

"दादा, हा जोडलेला आहे. मधली पानं खरी आहेत, त्या बाईच्या अंकातली. हो, तो अंक खरा होता. मी चुकले. मी तुझा अंक घालवला." हे मी एका दमात बोलले, नाहीतर बोललेच नसते. "पण कव्हर खोटं आहे. बाकीची पानंही. खरं कव्हर याने दुसऱ्या कुणासाठी ठेवलं असणार. एका खऱ्याचे चार करतोय हा. हे बघ, कव्हरचा कागद बोटाला कसा लागतो, खऱ्याला इतकी–"

आणि मी थांबले. तो माणूस किंचित पुढे झुकला होता. मान तिरपी, ओठ मिटलेले, नजर माझ्या बोटांवर. एक शब्द सांडू नये म्हणून वर्गात पहिल्या बाकावरची मुलं बसतात तसा. फोटोत जे कधीच कळलं नसतं, ते मी त्याला हातात घेऊन शिकवायला निघाले होते.

"खऱ्याला इतकी काय, ताई?" त्याने हळूच विचारलं.

मी तोंड मिटलं. दादाने मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मधली पानं खरी आहेत ना?"

"हो. पण दादा–"

"नक्की?"

"नक्की. पण हा माणूस तुझं कपाट घेऊन काय करणार ठाऊक आहे का तुला? हा–"

"बास." त्याने हात वर केला. "मागच्या खेपेला तुझा शब्द ऐकला. कारण नव्हतं तरी ऐकला. आता माझं ऐक. कालपासून डावा डोळा गेलाय. उजव्यात एवढंसं उरलंय." त्याने बोटांची चिमूट डोळ्यासमोर धरली. "एवढ्यात मावतील इतकी पानं खरी आहेत, असं तूच म्हणतेस. मला पुरे. आणि ते म्हणालेत, कपाटातले अंक नीट सांभाळतील."

"जिवापाड," तो माणूस म्हणाला.

मी ओरडायला हवं होतं. जखमी अंकांबद्दल, सोललेल्या कडांबद्दल सगळं सांगायला हवं होतं. पण दादाचा हात माझ्याकडे पसरलेला होता, अंक परत मागत. माझ्यामुळे त्याचा एक अंक गेला होता. हा अर्धामुर्धाही काढून घ्यायचा माझा काय हक्क होता? आणि सांगून तो थांबला असता का? मला ठाऊक नाही. मी अंक त्याच्या हातात दिला.

"तू वाच," तो म्हणाला. "मी चित्रं बघतो. दोन्ही एकदम नाही जमत आता."

मी त्याच्या खुर्चीच्या हातावर बसले, लहानपणी बसायचे तशी, आणि मधलं पान उघडलं. दादाने उजवा डोळा चित्राला लावला आणि एक मोठा श्वास घेतला. मी अक्षरं वाचायला लागले. इतके दिवस पिना बघितल्या होत्या, ठिपके मोजले होते, त्या पानावर काय लिहिलंय ते मी आज पहिल्यांदा वाचत होते.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. तो माणूस कपाटासमोर मांडी घालून बसला. एकेक अंक पिशवीतून काढायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, पिनांवरून अंगठ्याचं नख फिरवायचा, आणि खाली ठेवायचा. डाव्या हाताला एक गठ्ठा होत होता, उजव्या हाताला दुसरा. डावा भराभर वाढत होता. मग त्याने खिशातून एक बारीक चिमटा काढला.

कट असा आवाज झाला. दादाने मान वर केली.

"काय करतोय गं तो?"

आजवर मी लोकांना निकाल दिला तो खरा की खोटा एवढाच, आणि माझ्या समजुतीप्रमाणे दर वेळी खराच दिला. मी दादाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"नीट लावतोय, दादा," मी म्हटलं, आणि पुढची ओळ वाचायला घेतली.